फ्लोट मी करतो

कमी शब्दांत लिहिणं हे हेडक्लार्कांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ऑफिसात ‘मान्य’, ‘अमान्य’ आणि ‘चर्चा करावी’ एवढ्या शेऱ्यांवर त्यांनी एक अख्खं खातं वर्षानुवर्षं चालवलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा बाहेरगावी गेले तेव्हा बायकोला पाठवलेलं पत्रही ‘पोचलो. ठीक.’ एवढंच होतं. ते पत्र बायकोने अजून जपून ठेवलंय, प्रेमाने नव्हे, पुरावा म्हणून. त्यामुळे रविवारी गच्चीवर होणाऱ्या उन्हाळी पार्टीसाठी कोण काय करणार, असं बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं गेलं, तेव्हा त्यांनी लिहिलं, ‘फ्लोट मी करतो. कोणी काळजी करू नये.’

त्यांच्या मनात चित्र अगदी स्वच्छ होतं. मोठ्या साहेबांच्या घरी एकदा त्यांनी ते पेय घेतलं होतं. उंच ग्लासात थंडगार सोडा, वर तरंगणारा आइस्क्रीमचा गोळा, थोडा फेस आणि लांब दांड्याचा चमचा. हेडक्लार्क त्यात स्वतःची भर घालणार होते. सोडा निळा करायचा, म्हणजे तो समुद्र. आइस्क्रीम म्हणजे बेट. बेटावर वेफर बिस्किटाचं शीड उभं करायचं आणि शिडापाशी खलाशी म्हणून एक चेरी बसवायची. गेल्या वर्षी त्यांच्याकडे कागदी रुमाल आणायचं काम आलं होतं आणि ते रुमाल जेवण सुरू व्हायच्या आधीच संपले होते. त्यावरून बिल्डिंगमध्ये अजूनही बोललं जायचं. यंदा लोकांची तोंडं बंद करायची, निदान गोड तरी करायची, असा त्यांचा निश्चय होता.

‘बाबा, निदान आइस्क्रीम फ्लोट असं तरी लिहा,’ लेक म्हणाली.

‘फ्लोट म्हटल्यावर दुसरं काय असतं?’

दुसरं काय असतं, हे बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. फ्लोट असतो तो गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत. दांडीच्या टोकाला बसवलेला एक पोकळ गोळा. टाकी भरत आली की तो पाण्याबरोबर वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. त्या टाकीतला फ्लोट केव्हाच निकामी झाला होता. रोज संध्याकाळी पाणी आलं की टाकी भरून वाहायची आणि गच्चीवर तळं साचायचं. प्रत्येक मीटिंगमध्ये ‘कोणीतरी बघायला हवं’ असं एकमताने ठरायचं आणि मग चहा यायचा. हेडक्लार्क राहायचे तळमजल्यावर. गच्चीवरची टाकी त्यांच्या लेखी दुसऱ्या खात्याचा विषय होता, आणि दुसऱ्या खात्याच्या फायलीत डोकं घालायचं नाही हा त्यांचा बाणा होता.

ग्रुपवर पहिलं उत्तर आलं टेलिफोनबाईंचं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून हे नाव. त्यांनी लिहिलं, ‘अखेर कोणीतरी फ्लोट मनावर घेतला. आता मला झोप लागेल. आभारी आहे.’ त्यांच्यामागोमाग आभार मानणाऱ्यांची रांगच लागली. सेक्रेटरींनी हात जोडले. कोणी अंगठे दाखवले. कोणी लिहिलं, ‘बिल्डिंगला असा माणूस हवा होता.’

हेडक्लार्क गहिवरले. ‘बघितलंस?’ ते बायकोला म्हणाले. ‘लोकांना किती तहान होती.’

स्वयंपाकघरात मात्र समुद्र खवळला. पहिल्या खेपेला त्यांनी ग्लासात आधी आइस्क्रीम टाकलं आणि वरून सोडा ओतला. फेस असा काही उसळला, की टेबलावरचं कापड, त्याखालचा पेपर आणि पेपरातलं त्यांनी अर्धं सोडवलेलं शब्दकोडं, सगळं निळं झालं. दुसऱ्या खेपेला सोडा कोमट निघाला. बेट डोळ्यांदेखत विरघळलं आणि खलाशी तळाला गेला. तिसऱ्या खेपेला सगळं जमलं, पण पहिल्याच घोटाला शीड नाकात गेलं. बायको नुसती फडकं पिळत राहिली, आणि तिचं ते फडकं पिळणं हेडक्लार्कांना भाषणापेक्षा जास्त लागायचं. पण मागे हटेल तो हेडक्लार्क कसला? ग्लास आणि सोडा दोन्ही गारठवायचे, ग्लास तिरका धरून सोडा आधी ओतायचा आणि गोळा वरून न टाकता चमच्याने अलगद ठेवायचा, ही मेख त्यांनी शोधून काढलीच. बेट तरंगलं. हेडक्लार्कांनी चष्मा काढून पुसला आणि बायकोला एक ग्लास दिला. ‘बरंय,’ ती म्हणाली. तिच्या तोंडी हा शब्द म्हणजे सुवर्णपदक होतं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या मास्तरांनी त्यांना गाठलं. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते आणि आता जिन्यात शिकवायचे.

‘काय, फ्लोटचं कुठवर आलं?’

‘जमलं. सगळी मेख गोळ्यात आहे, मास्तर. तो नीट बसला पाहिजे.’

‘अगदी बरोबर. आधीचा बुडायचा.’

‘माझाही आधी बुडाला. आता नाही बुडत.’

‘घरी करून पाहिलात?’ मास्तरांच्या डोळ्यांत आदर उतरला. ‘याला म्हणतात वृत्ती. प्लास्टिकचा घेताय की पितळेचा?’

‘छे, छे. काचेचा.’

‘काचेचा? आणि फुटला म्हणजे?’

‘फुटला तर फुटला. जास्तीचे आणून ठेवलेत.’

‘अहो, पण गळती?’

‘थोडं ओघळणारच. पण लोक लगेच पितात, त्यामुळे कळत नाही.’

मास्तरांनी कठडा धरला. ‘पाणी गाळून, उकळून प्या, असं मी केव्हापासून ओरडतोय,’ ते शेवटी म्हणाले आणि मान हलवत वर गेले. हेडक्लार्कांना वाटलं, वयाचा परिणाम आहे.

त्याच संध्याकाळी टेलिफोनबाई स्वतः खाली आल्या. ‘भाऊ, जरा वर येता का? तुम्हाला एकदा दाखवून ठेवते.’ त्या आपल्याला ग्लास ठेवायला फ्रिजमधली जागा दाखवणार, अशा समजुतीने हेडक्लार्क उत्साहाने जिने चढून गेले. बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. खोलीच्या भिंतीचा रंग पोपडे धरून सुटला होता, छताच्या कोपऱ्यातून ओल खाली पसरत आली होती आणि खोलीभर कुबट वास होता. पलंग बाहेरच्या खोलीत हलवलेला होता.

‘टाकी वाहिली की सगळं इथे मुरतं,’ बाई म्हणाल्या. ‘माझं काय, मी बाहेर झोपते. पण माझी थोरली बहीण आता कायमची माझ्याकडे राहायला येतेय. पार्टी झाली की दोन दिवसांनी. तिला दमा आहे, आणि तिच्यासाठी हीच खोली आहे. या ओलीत तिला कसं झोपवू? येऊ नकोस म्हणून सांगायला मी फोन हातात घेतला होता. तेवढ्यात तुमचा निरोप आला. फ्लोट मी करतो.’

हेडक्लार्कांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मास्तर, पितळ, गळती, सेक्रेटरींचे जोडलेले हात, सगळं एकदम जागच्या जागी बसलं. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडलं. ऑफिसात त्यांनी हजारो कागदांवर ‘अमान्य’ असं हात न थरथरता लिहिलं होतं. पण समोर ती भिंत होती, आणि कोपऱ्यात बहिणीसाठी आणलेल्या नव्या चादरीची न उघडलेली घडी होती. तो शब्द काही केल्या तोंडातून फुटेना.

‘होईल,’ ते म्हणाले.

‘रविवारी?’

‘रविवारी.’

‘अहो, सांगून टाकायचं होतं ना सरळ,’ घरी आल्यावर सगळं ऐकून बायको म्हणाली.

‘काय सांगू? तुमच्या बहिणीचं राहू द्या, मी चेरी आणलीय?’

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. ‘मग आता दोन्ही करा,’ ती म्हणाली. तिने असं म्हटल्यावर हेडक्लार्कांना एकदम हुरूप आला. एक काम असलं की माणूस घाबरतो, दोन असली की त्याला वेळ नसतो.

टाकीचं विचारायला गेल्यावर सेक्रेटरी मात्र सरकारी रस्त्यासारखे निघाले, जागोजागी खणलेले. ‘तुम्ही करताय ते उत्तमच,’ ते म्हणाले. ‘पण टाकीला हात लावायचा म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती म्हणजे अर्ज. अर्ज म्हणजे कमिटी. आणि कमिटी आता उन्हाळा संपल्यावर बसेल. निम्मे लोक बाहेरगावी आहेत.’

‘पण ग्रुपवर तुम्ही हात जोडलेत.’

‘ते व्यक्तिशः जोडले. सेक्रेटरी म्हणून नाही.’

दुसरा कोणी असता तर इथे हताश झाला असता. हेडक्लार्क मात्र खुर्चीत जरा पुढे सरकले, कारण आता खेळ त्यांच्या अंगणात आला होता. ‘पार्टीला कमिटीची मंजुरी आहे?’

‘अर्थात. लोक बाहेरगावी जायच्या आधीच घेतलीय.’

‘काय शब्द आहेत?’

सेक्रेटरींनी कागद काढून वाचला. ‘गच्चीवर रविवारी खुर्च्या, दिवे, जेवण व फ्लोट यांची व्यवस्था करण्यास मंजुरी देण्यात येत आहे.’ ग्रुपवर जे जे आलं, ते त्यांनी इमानेइतबारे उतरवून काढलं होतं.

‘म्हणजे फ्लोट मंजूर आहे,’ हेडक्लार्क म्हणाले.

सेक्रेटरींनी ती ओळ पुन्हा वाचली. मग आणखी एकदा वाचली. ‘पण फक्त रविवारपुरता,’ ते म्हणाले. ‘सोमवारी हात लावलात तर कमिटी.’

प्लंबरने फोनवर ‘निघालोच’ असं सांगितलं. प्लंबरचं निघणं ही लांबलचक क्रिया असते. तो रविवारी दुपारी उगवला, तोही गच्चीवर खुर्च्या मांडायला सुरुवात झाल्यावर. त्याने टाकीत डोकावून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून आवाज केला आणि टाकी रिकामी केल्याशिवाय काही करता येणार नाही असं जाहीर केलं. कोणी बादली भरून ठेवायच्या आत बिल्डिंगचं होतं नव्हतं ते सगळं पाणी गटारात गेलं. जुना फ्लोट आतून पाण्याने भरलेला होता आणि हातात घेतला तर कलिंगडासारखा जड लागत होता. त्याने पिशवीतून नवा काढला. विज्ञानाच्या आग्रहाखातर मास्तरांनी तो आधी सोडा गारठवायला ठेवलेल्या बर्फाच्या पाण्याच्या टबात टाकून पाहायला लावला. तो ऐटीत तरंगला, मग एका अंगावर कलला आणि बुडबुडे सोडत तळाशी गेला.

‘पीस खराब निघाला, साहेब.’

‘मग दुसरा लाव.’

‘आज रविवार. दुकान उद्या उघडणार.’

‘आणि पाण्याचं काय?’

‘पाणी संध्याकाळी येईलच की,’ प्लंबर समजूत घालत म्हणाला. ‘फक्त थांबणार नाही.’

तेवढ्यात लोक वर यायला लागले. दिवसभर उन्हाने भाजून निघालेली, घरच्या नळाला पाणी नाही म्हणून वैतागलेली सगळी बिल्डिंग गच्चीवर आली आणि समोर पाहते तर काय, निळ्या समुद्रांची रांग लागलेली. हेडक्लार्क टेबलामागे उभे राहून ग्लास तिरका धरत होते, बायको बेटं ठेवत होती आणि लेक शिडं उभारत होती. दुकानात आइस्क्रीमचे मोठे डबे संपले होते, म्हणून ते छोट्या छोट्या प्लास्टिकच्या चेंडूंमधून आणावं लागलं होतं. पोरांसाठी मिळतात ना, फिरकीचं झाकण असलेले, तसले चेंडू. ते उघडून उघडून लेकीची बोटं दुखायला आली होती. पण लोक अक्षरशः तुटून पडले. म्हाताऱ्यांनी दुसरा ग्लास मागितला. सेक्रेटरींची मिशी निळी झाली आणि तेवढ्या वेळापुरते ते व्यक्तिशः आणि सेक्रेटरी म्हणून, दोन्ही नात्यांनी खूश दिसले.

‘म्हणजे तुम्ही काचेचा म्हणालात तो हा?’ मास्तरांनी ग्लास उजेडात धरून विचारलं.

‘हाही आणि तोही,’ हेडक्लार्क म्हणाले.

पण गोडाचा एक दुर्गुण आहे. ते तहान भागवतं आणि लगेच दुप्पट लावतं. थोड्याच वेळात गच्चीभर चिकट हात आणि निळ्या जिभा झाल्या. कोणी बेसिनशी गेलं आणि कोरड्या नळाकडे पाहून परत आलं. कोणी पिण्याच्या पाण्याबद्दल विचारलं. कुजबुज सुरू झाली आणि तिची बोलणी व्हायला वेळ लागला नाही. ‘फ्लोट करतो म्हणाले आणि होतं ते पाणीही घालवलं,’ असं एकाने म्हटलं. ‘गेल्या वर्षीचे रुमाल तरी बरे होते,’ असं दुसऱ्याने, आणि तेही ऐकू जाईल अशा बेताने. टेलिफोनबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा हेडक्लार्कांकडे पाहिलं, आणि ते पाहणं हेडक्लार्कांना सगळ्या टोमण्यांपेक्षा जास्त झोंबलं.

ते मान फिरवायला म्हणून टेबलाखालच्या टबाकडे वळले. टबात बर्फाचं पाणी झालं होतं आणि त्यावर आइस्क्रीमचे रिकामे चेंडू तरंगत होते. लेक कंटाळून एकेक चेंडू बोटाने खाली दाबत होती. दाबला की बुडायचा, सोडला की टुणकन वर यायचा. हेडक्लार्क पाहत राहिले. मग त्यांनी स्वतः वाकून एक चेंडू हाताने तळापर्यंत नेला आणि सोडला. तो वर आला.

‘प्लंबर,’ त्यांनी हाक मारली, ‘इकडे ये.’

‘साहेब, असं कोणी बसवत नाही,’ प्लंबर सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला.

‘बसवू नये असं कुठे लिहिलंय?’

प्लंबरला कुठेच लिहिलेलं आठवेना. हेडक्लार्कांनी त्यातले चांगले चेंडू निवडून त्यांची झाकणं घट्ट लावली. पिण्याच्या पाण्यात जाणार म्हणून ते धुवायला हवे होते, तर स्वच्छ पाणी नव्हतं, मग उरलेल्या सोड्याने धुतले. लिंबं ज्या जाळीच्या पिशवीतून आली होती, ती रिकामी करून तिच्यात ते चेंडू भरले आणि प्लंबरने ती पिशवी तारेने दांडीच्या टोकाला करकचून बांधली. मास्तर शेजारी उभे राहून गोळ्याचं आकारमान, पाण्याची घनता असं काहीबाही पुटपुटत होते. ‘तत्त्वतः चालायला हवं,’ ते म्हणाले आणि चार पावलं मागे सरकले.

संध्याकाळी पाइपात गुरगुर झाली आणि पाणी आलं. सगळी बिल्डिंग टाकीभोवती गोळा झाली. वाहिली असती तर पहिलं पाणी त्यांच्याच चपलांवर आलं असतं, तरी कोणी हललं नाही. पाणी चढत गेलं. पिशवी आधी नुसती लोंबत होती, मग ओली झाली, मग थरथरली. ‘बुडाली,’ कोणीतरी म्हणालं. ती बुडाली नव्हती. ती सावकाश वर उचलली गेली, तिच्याबरोबर दांडी उचलली गेली, नळाची धार बारीक झाली, आणखी बारीक झाली, थेंब थेंब पडायला लागली. मग थेंबही थांबले. पाणी काठापासून चांगलं वीतभर खाली होतं. किती तरी दिवसांनी त्या गच्चीवर संध्याकाळच्या वेळी पाण्याचा आवाज येत नव्हता.

बेसिनच्या बाजूने कोणीतरी ओरडून सांगितलं की नळाला पाणी आलं, तशी गर्दी तिकडे पळाली. ‘तात्पुरती व्यवस्था अशी नोंद घेऊ,’ सेक्रेटरी ओल्या हाताने मिशी पुसत म्हणाले. ‘चालतंय तर बदलायचं कशाला?’ प्लंबर म्हणाला आणि त्याने हे काम आपलंच असल्यासारखे टाकीचे फोटो काढले. हेडक्लार्क खुर्चीवर जाऊन टेकले. त्यांचे पाय दुखत होते, सदरा निळा झाला होता, आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

शेजारच्या खुर्चीवर टेलिफोनबाईंनी बहिणीला फोन लावला होता. ‘ये गं तू,’ त्या सांगत होत्या. ‘थांबलं पाणी. आता या उन्हात भिंत वाळेल, तोवर बाहेरच्या खोलीत दोघी झोपू.’ मग त्यांनी जरा ऐकून घेतलं आणि फोन हेडक्लार्कांपुढे धरला. ‘घ्या. तिला तुमच्याशी बोलायचंय.’

‘नमस्कार,’ फोनमधून दम खात खात आवाज आला. ‘तुम्हीच का ते आइस्क्रीमवाले?’

‘हो. म्हणजे, टाकीचंही मीच केलं.’

‘ते कळलं हो, फार उपकार झाले. पण तुमचं मुळात आइस्क्रीमचंच होतं ना? धाकटीने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाली, खालचे एक गृहस्थ पार्टीला आइस्क्रीमचा फ्लोट करणार आहेत, पण मी टाकीचा समजून आभार मानून टाकलेत. बघू काय होतंय.’

हेडक्लार्क फोन कानाला लावूनच बाईंकडे वळले. बाई लांब दांड्याच्या चमच्याने ग्लासाच्या तळचं बेट खरवडत होत्या.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘भाऊ, जन्मभर लोकांची बोलणी जोडून दिलीत मी. ऐकण्यात नाही चुकत,’ बाई चमचा न थांबवता म्हणाल्या. ‘या बिल्डिंगमध्ये बघू, करू, कोणीतरी करायला हवं, हेच ऐकत आले. मी करतो, असं लिहिणारे तुम्ही पहिले. म्हटलं, कशाचं का करेना, हा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही.’

हेडक्लार्कांना खरं तर राग यायला हवा होता. त्यांनी जरा वाट पाहिली, पण तो आला नाही. उलट छाती अशी भरून आली की सदऱ्याचं वरचं बटण त्यांना सैल करावं लागलं.

‘हॅलो?’ थोरल्या बहिणीचा आवाज आला. ‘मी म्हणत होते, मी आले की मलाही एक फ्लोट मिळेल ना?’

‘तुम्ही या तर खरं,’ हेडक्लार्क म्हणाले. ‘आल्या दिवशी करून देतो.’ मग त्यांची नजर बाईंवर गेली आणि त्यांनी घाईघाईने पुढे जोडलं, ‘प्यायचा.’